पाठीमागची ऊब

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि नेमकी त्याच सुमारास आमच्या निफाडला कडाक्याची थंडी असते. आई पूर्वी दिंडीत पायी जायची. गुडघे गेले तसं ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसून येऊ लागली. साधारण सत्तर किलोमीटर, पहाटे चारला निघायचं. चांदोरी मागे पडेपर्यंत तिचा माझ्या खांद्यावरचा हात कापायला लागायचा.

गेल्या पौषात बागेत शेकोट्या पेटवत होतो. थंडीनं द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे ओळींमधून धूर आणि ऊब करतो आम्ही. तिथंच मनात आलं, वेलीसाठी जागतो आणि आईला तसंच गारठ्यात नेतो.

सीटचं रेक्झिन उसवलं. मागच्या भागात फोमवर नमदा घातला आणि टेफ्लॉनच्या वेष्टणातली नायक्रोमची तार नागमोडी टाचली. तारेचा रोध १० ओहम ठेवला. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे जेमतेम २० वॉट. छोट्या गाडीच्या चार्जिंगवर याहून जास्त भार टाकायची माझी तयारी नव्हती. इग्निशनवरून रिले, ३ अँपिअरचा फ्यूज, आणि ४० अंशांना वीज तोडणारा थर्मोस्टॅट. त्यात हयगय चालत नाही. ४४ अंशांची वस्तू सलग काही तास अंगाला चिकटून राहिली तरी कातडी भाजते, आणि आईला मधुमेह आहे, पायांना चटका कळत नाही. तिच्या मांड्यांवर तरी मी का भरवसा ठेवावा?

आईनं सीटला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, “देवाला जायचं आन् गादी तापवून? मग वारी कसली रे?”

हा प्रश्न मला टाळता येईना. तप या शब्दातच तापणं आहे. अंग झिजवल्याशिवाय देव भेटत नाही, असं आपल्याकडे मनात खोल बसलेलं आहे, आणि त्यात खरेपणही आहे: आईच्या चालण्याला मी सोय म्हणून कधी मोडीत काढणार नाही. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचं तप सांगताना पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा एवढंच येतं. कुडकुडणं येत नाही. उलट त्याच अध्यायात, देहाला पिळून काढणारे लोक आत बसलेल्या मलाही कष्टवतात, असं भगवंत म्हणतात. आणि दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण सोस असं सांगितलंय ते अर्जुनाला, त्याच्या स्वतःपुरतं. मागे बसलेल्याला सोसायला लाव, असं कुठंही नाही. माझी तितिक्षा माझ्या सीटपुरती. म्हणून पुढच्या भागात मी तार घातलेली नाही.

तरी एक गोष्ट माझी चुकली होती. स्विच मी हँडलला लावला होता. म्हणजे आईनं किती सोसायचं हे मी ठरवणार! थंडी तिच्यावर लादणं जितकं वाईट, तितकीच ऊब लादणंही. तिनं देवाशी काय बोली केली आहे, मला काय ठाऊक? स्विच काढला, वायर वाढवली आणि मागच्या पकडदांड्याशी, तिच्या उजव्या हाताला सापडेल असा बसवला. सोबत लाल दिवा, चालू-बंद तिला दिसावा म्हणून.

“आई, लावायचा का नाही, तुझं तू बघ.”

त्या एकादशीला चांदोरीपर्यंत दिवा बंद होता. नाशिक ओलांडलं, सातपूर गेलं, तरी बंदच. अंजनेरीपाशी चहाला थांबलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर लाल दिवा लागलेला होता आणि खांद्यावरचा हात कापत नव्हता. कधी लावला ते मी विचारलं नाही.