रडणारं बाळ, जागणारी आई आणि आपण



या वेळी सहनशीलतेवर लिहायचं ठरलं होतं. विषय सोपा वाटला होता. पण मधल्या काळात घरात जे घडलं त्यानं तो अवघड करून टाकला, म्हणून आधी घडलेलंच सांगतो.

यंदाच्या थंडीत इंदूरच्या आमच्या घरी नातू आला. दीड महिन्याचा झाल्यापासून त्यानं रात्र डोक्यावर घेतली. दूध प्यायचं, खांद्यावर गुळणी टाकायची, पाठ कमानीसारखी ताणायची आणि किंचाळायचं. कसंबसं झोपवून गादीवर ठेवलं की वीस मिनिटांत पुन्हा तेच. सराफ्यात रात्री उशिरापर्यंत खात फिरणारं आमचं शहर, पण तीन वाजता इथेही सगळं चिडीचूप असतं आणि एका घरातलं रडणं चार घरांत ऐकू जातं.

सूनबाई तिच्या खोलीत एकटी. मुलाला सकाळी ऑफिस, म्हणून तो हॉलमध्ये झोपायचा. आम्ही दोघं जागे असायचो, पण उठायचो नाही. “आमच्या वेळीही असंच होतं, आम्हीही काढल्या की रात्री,” हे वाक्य तोंडात तयारच असायचं. त्यातच एका सकाळी आम्ही घरच्या ग्रुपवर एक चित्र पाठवलं. आई कधीच थकत नाही, अशा अर्थाचं. खाली कमळ आणि समई. भराभर नमस्कार आले. (अशा चित्रांवर येतातच.) सूनबाईचा काही आला नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रात्री भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, “गप्प बस ना रे एकदाचा!” मग ती स्वयंपाकघरात येऊन फरशीवर बसली. बाळ आत रडतच होतं. म्हणाली, “आई, मला त्याचा राग येतो. नाम घ्यायला बसले तर तेही होत नाही. मी वाईट आई आहे का हो?”

इतकी वर्षं सेवेत आहोत, पण त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाळाला उचलून घेतलं, एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक स्नायूंची कडी असते. लहान बाळात ती अजून ढिली असते, म्हणून दूध वर येतं, आणि दुधाबरोबर पोटातलं आम्ल वर आलं तर जळजळतं. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास हा त्रास सगळ्यांत जास्त असतो, आणि बहुतेक मुलांत वर्षाच्या आत आपोआप थांबतो. वजन नीट वाढत होतं म्हणून औषध दिलं नाही. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, पाजल्यावर वीस ते तीस मिनिटं उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर. गुळणी घशात अडकेल म्हणून आम्ही कुशीवर, पालथं निजवायला बघत होतो, ते त्यांनी साफ मोडून काढलं. मोहरीची उशी गेली. मध आणि गुटी बंद. आमच्या सासूबाईंच्या वेळची सहाण अजून फडताळात आहे, राहू दे.

घरी येताना रिक्षात आमच्या ह्यांनी हिशेब केला. रात्री चार वेळा दूध, दर वेळी अर्धा तास उभं धरणं. म्हणजे रात्रीचे दोन तास. पाजायला आई लागते, पण उभं धरायला आईच कशाला हवी?

खरं म्हणजे सगळा प्रश्न या एका वाक्यात होता, आणि आम्ही तो अध्यात्मात गुंडाळून ठेवला होता.

गुरुवारच्या बैठकीत हे बोललो तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, आईपण हे तपच आहे. दुसऱ्या म्हणाल्या, प्रारब्ध असतं एकेकाचं. दोन्ही बोलणी प्रेमानंच झाली, पण आम्हाला पटली नाहीत. कडी ढिली असणं यात त्या जिवाचं किंवा त्याच्या आईचं कुठलं पाप शोधायचं? आणि तप म्हणायचं तर, एकादशीचा उपास आपण स्वतः धरतो. शेजारणीच्या ताटातली पोळी काढून घेऊन तिला उपास घडवला असं कोणी म्हणत नाही. आपण निवांत पडून राहायचं आणि पलीकडच्या खोलीत जागणारीला तपस्विनी म्हणायचं, यात तिचं तप किती आणि आपला आळस किती, हे ज्यानं त्यानं बघावं. आम्ही बघितलं तेव्हा लाज वाटली.

“आम्हीही काढल्या रात्री” याचंही तसंच. काढल्या हे खरं. पण कशा काढल्या ते आम्ही कधी सांगितलं का? तीस वर्षांपूर्वी याच नातवाच्या बापाला आम्ही एका रात्री रागानं गादीवर जवळजवळ टाकलं होतं. गादी जाड होती म्हणून निभावलं. ही गोष्ट सासूबाईंना सांगितली नाही, ह्यांना नाही, आणि सद्गुरूंसमोर बसूनही मनात दाबूनच ठेवली. त्या रात्री फरशीवर बसलेल्या सूनबाईला पहिल्यांदा सांगितली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे आधी सांगायचं ना, आई.”

रागाबद्दल पुष्कळ विचार केला. राग येतो तो आपलं कोणी वाकडं केलं असं वाटल्यावर. बाळ तर काही करतच नसतं, त्याला दुखतं आणि ते रडतं. हे दिवसा कळतं. तीन वाजता, सलग दोन तास झोप न मिळालेल्या डोक्याला कळत नाही, आणि त्याला आपण स्वभावदोष म्हणतो! यशोदेनं चिडून कृष्णाला उखळाला बांधलं, ती कथा आपण कौतुकानं ऐकतो. तिला कोणी वाईट आई म्हटलेलं नाही.

पण एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हात थरथरायला लागले तर बाळाला पाठीवर त्याच्या जागी ठेवा, खोलीबाहेर या, पाणी प्या, कोणाला तरी उठवा. पाच-दहा मिनिटं रडल्यानं त्याला काही होत नाही. गदगदा हलवल्यानं मात्र मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो.

आता आमच्याकडे रात्र वाटलेली आहे. पहिले दोन वेळा मुलगा उठतो (ऑफिसात डुलक्या घेतो, घेऊ दे), नंतर आम्ही. पहाटे चारला हे बाळाला खांद्यावर उभं धरून हॉलमध्ये फेऱ्या घालतात आणि जप करतात. माळ नाही, पावलं मोजायची. काकड आरती चुकते. पहिले काही दिवस त्यांना फार लागलं, आता बोलत नाहीत. सूनबाई पाजते आणि झोपते. बाळाचं रडणं संपलंय असं नाही. परवाच दोन चादरी बदलाव्या लागल्या.

घरात तान्हं मूल असेल त्यांनी हेही लक्षात ठेवा. उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, जोरात लांब फेकली जात असेल, ताप असेल, दूध नको म्हणत असेल, लंगोट कमी ओले होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर ढिल्या कडीवर ढकलून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, ती सारखी रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आजार असतो, नामात कमी पडणं नव्हे. त्यालाही डॉक्टर लागतो. सरकारची टेली मानस सेवा 14416 वर मोफत आहे. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी न्या, तिला एकटं सोडू नका.

ते चित्र आम्ही ग्रुपवरून काढून टाकलं. गुरुवारच्या बैठकीला मागच्या खोलीत गादी घातलेली असते. तान्ही मुलं घेऊन येणाऱ्या मुलींनी बाळ आमच्याकडे द्यावं आणि खुशाल तिथे झोपावं. आरतीला कोणी उठवणार नाही.