वर्गणीदाराचा हक्क

एखादा चित्रपट अजून बनलेलाच नाही. पटकथा आहे, दिग्दर्शकाचे दोन-तीन जुने लघुपट आहेत, तीन मिनिटांची एक चित्रफीत आहे आणि एक आकडा आहे: एवढे पैसे जमले तर चित्रीकरण सुरू होईल. ते पाहून कोणी अनोळखी माणूस पाचशे रुपये पाठवतो. त्याने नेमके काय केले? विकत काही घेतले नाही, कारण विकायला अजून काही तयारच नाही. दान म्हणावे, तर दान देऊन विसरायचे असते. हा माणूस मात्र दर महिन्याला चौकशी करतो. गुंतवणूक म्हणावी, तर परताव्याची त्याला आशा नसते आणि बहुतेक वेळा तसा करारही नसतो. मग चित्रपट वाईट निघाला, किंवा निघालाच नाही, तर या माणसाची फसवणूक झाली का? झाली नसेल, तर त्याचा हक्क तरी कोणता?

अनुवाद करणाऱ्यांना असे प्रश्न आधी शब्दांतून भेटतात. ‘क्राउडफंडिंग’साठी मराठीत ‘लोकवर्गणी’ हा शब्द वापरला जातो. इंग्रजी शब्दात गर्दी आहे आणि निधी आहे. देणाऱ्याचे घेणाऱ्याशी नाते काय, हे त्यात नाही. ‘वर्गणी’त ते आहे. वर्गणी गणपतीची असते, वाचनालयाची असते, नियतकालिकाची असते. ती बहुधा लहान असते, अनेकांकडून घेतली जाते आणि शेवटी तिचा जमाखर्च मांडावा लागतो. वर्गणी देणारा मालक होत नाही, पण परकाही राहत नाही. या शब्दात थोडी जबरदस्तीही आहे. दारात उभ्या राहिलेल्या मंडळाच्या मुलांना रिकाम्या हाताने परत पाठवणे किती अवघड असते, हे आपण जाणतो.

या व्यवहाराचा आपला अनुभव जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या नावांची यादी छापलेली सापडते. पुस्तक निघण्याआधी त्यासाठी नाव नोंदवणारे हे लोक. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला. टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला त्यातून काचेचा कारखाना निघाला. पण काच आणि चित्रपट यांत फरक आहे. कंदिलाची काच कशी असावी, याबद्दल वर्गणीदार आणि कारागीर यांच्यात मतभेद होण्याचे कारण नाही. चित्रपट कसा असावा, हे मात्र तो करणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. अडचण इथून सुरू होते.

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) या संदर्भात नेहमी आठवला जातो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट झाला. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून या शेतकऱ्यांचाच उल्लेख आहे. ही गोष्ट सांगताना आपण आकड्यापाशी थांबतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्या दोन रुपयांत काय दाखवले गेले, हे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत गाव गोड नाही. तिथे जात आहे, सरपंचाची सत्ता आहे, सहकारी संस्था कोणाच्या ताब्यात जाणार यावरून संघर्ष आहे. शहरातून आलेल्या डॉक्टरावर बालंट येते आणि त्याला गाव सोडावे लागते. पैसे देणाऱ्यांना आरशात स्वतःचे दुखरे अंगही दिसले, आणि तरी गाड्या भरभरून लोक ‘आपला’ चित्रपट पाहायला गेले, असे सांगितले जाते.

अर्थात इथेही एक गाठ आहे. हे पैसे दूध महासंघामार्फत आले. पाच लाखांतल्या प्रत्येकाने पटकथा ऐकून होकार दिला नव्हता. त्यांचा विश्वास संस्थेवर होता आणि संस्थेचा दिग्दर्शकावर. महासंघाचा हेतूही उघड होता: पुढे याच चित्रपटाच्या प्रती गावोगावी दाखवून सहकाराचा प्रचार झाला. हेतू असूनही चित्रपट जाहिरात झाला नाही, याचे श्रेय करणाऱ्यांचे आहेच, पण पैसे देऊन हात आखडता घेणाऱ्यांचेही आहे.

केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘ओडेसा’ या गटाने मधली संस्थाही काढून टाकली. गावोगावी चित्रपट दाखवायचे, लोकांपुढे झोळी पसरायची आणि जमलेल्या पैशांतून स्वतःचा चित्रपट करायचा. त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) झाला. एका तरुणाच्या मृत्यूची बातमी त्याच्या आईला कळवायला दुसरा एक तरुण वायनाडहून कोचीकडे निघतो आणि वाटेत एकेक जण त्याला येऊन मिळतो. पैसे जसे गावागावांतून गोळा झाले, तशीच कथेतली माणसेही. चित्रपट सोपा नाही. संथ आहे, अस्वस्थ करणारा आहे, पराभवाबद्दल आहे. झोळीत नाणे टाकणाऱ्याला असाच चित्रपट हवा होता, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने तो होऊ दिला, एवढेच म्हणता येते. पुढच्याच वर्षी जॉन गेले.

आता हा व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आला आहे आणि तिथे नात्याचे दोन नमुने दिसतात. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी (२०१३) प्रेक्षकांनाच हाक दिली, एकशे दहा जणांकडून सुमारे पन्नास लाख रुपये उभे राहिले आणि देणाऱ्यांना नफ्यात वाटा ठरला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘व्हेरोनिका मार्स’ या बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांनी चित्रपटासाठी सत्तावन्न लाख डॉलर जमवले. देणारे नव्वद हजारांहून अधिक होते. त्यांना पटकथेची प्रत, टी-शर्ट, चकती असे काहीबाही मिळाले. हक्क मात्र वॉर्नर ब्रदर्सकडेच राहिले. ‘एवढी मोठी कंपनी असताना चाहत्यांनी खिसा का रिकामा करावा?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण चाहत्यांना तो बोचला नाही, कारण त्यांना हवे ते मिळाले: ओळखीची नायिका, ओळखीचे गाव, ओळखीचे टोमणे.

मला धोका दिसतो तो इथे. चाहत्याचे प्रेम सहसा आधी पाहिलेल्या गोष्टीवर असते. तो पैसे देतो तेव्हा त्याच्या मनात एक चित्रपट चालूही झालेला असतो आणि पडद्यावर तोच उमटावा अशी त्याची इच्छा असते. आश्रयदात्याचे प्रेम अजून नसलेल्या गोष्टीवर असावे लागते. पहिला पूर्ततेसाठी देतो, दुसरा शक्यतेसाठी. एकाच माणसात दोघेही असतात आणि त्यांचे भांडण चालू असते. दिग्दर्शकाने मध्येच शेवट बदलला, रंगीत सोडून कृष्णधवल धरले, नट बदलला, की चाहता म्हणतो, ‘यासाठी नव्हते दिले.’ तेव्हा आश्रयदात्याने त्याला आठवण द्यायची असते की दिले होते ते नेमके यासाठीच: निर्मात्याच्या खोलीत जे बदलू दिले नसते, ते बदलता यावे म्हणून.

मग वर्गणीदाराला काहीच मागता येत नाही का? येते. जमाखर्च मागता येतो आणि खरे मागता येते. गेल्या काही वर्षांत मी ज्या छोट्या चित्रपटांना हातभार लावला, त्यांतले दोन पूर्ण झाले नाहीत. एकाच्या दिग्दर्शिकेने पत्र पाठवले: पैसे कुठे गेले, काय चित्रित झाले, का थांबावे लागले. मोजून दीड पान. दुसऱ्याकडून पहिली सहा महिने उत्साही निरोप येत राहिले, मग ते थांबले. रक्कम दोन्हीकडे सारखीच होती. पहिलीने पुन्हा हात पसरला तर मी पुन्हा देईन. दुसऱ्याबद्दल राग आहे, आणि तो पैशांचा नाही. अपयशाची मुभा मी दिलीच होती. गप्प बसण्याची दिली नव्हती.

या सगळ्यावर एक आक्षेप मात्र उरतो आणि तो मला हलका वाटत नाही. वर्गणी त्यालाच मिळते, ज्याला मागता येते. ज्याच्या ओळखी आहेत, ज्याची तीन मिनिटांची चित्रफीत सफाईदार आहे, ज्याचा विषय पटकन हळवे करतो. जो अबोल आहे, खेड्यात आहे, ज्याच्या मित्रांच्या खिशात पाचशे रुपये नाहीत, त्याची हाक ऐकू येत नाही. १९६०मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांवर मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ झाला. ‘उसकी रोटी’साठी लोकवर्गणी मागितली असती तर किती जमली असती? ज्याला अजून प्रेक्षकच नाही, अशा कलाकृतीसाठी प्रेक्षकांचे मतदान घेता येत नाही. म्हणून लोकवर्गणी ही सार्वजनिक निधीची जागा घेऊ शकत नाही, आणि ती घेते आहे असे म्हणून सरकारला हात झटकू देणे ही चाहत्यांनी स्वतःशीच केलेली लबाडी ठरेल.

तरीही मी देत राहते. अनुवादाचे पुस्तक निघते तेव्हा त्यालाही आधी वाचक नसतोच. कोणीतरी त्या परक्या लेखकाचे एक पानही न वाचता आमच्या शब्दावर भरवसा ठेवलेला असतो. त्या भरवशाची परतफेड त्याच माणसाला करता येत नाही. ती पुढे, दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. चित्रपट संपल्यावर बारीक अक्षरांत वर सरकणाऱ्या यादीत आपले नाव दिसले तर बरे वाटते, हे खरे. पण वर्गणीदाराचा हक्क त्या नावावर संपतो आणि त्याचे कर्तव्य तिथून सुरू होते: न आवडलेला चित्रपटही शेवटपर्यंत पाहणे, आणि का आवडला नाही ते करणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगणे.