अनुदान : दान की ठेव?

आमच्या शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळून आता काही वर्षे झाली; परंतु ज्या वाचनालयाची हकीकत मी सांगणार आहे, त्याच्या जुन्या रबरी शिक्क्यावर अद्याप ‘औरंगाबाद’ हीच अक्षरे आहेत. जुन्या शहरातील एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत ते चालते. सकाळी निवृत्त मंडळी वर्तमानपत्रांसाठी येतात. सायंकाळी, ज्यांच्या घरी बसून अभ्यास करण्यास जागा नाही अशी मुले येतात. मी या वाचनालयाचा चिटणीस आहे. दोन वर्षांपूर्वी तपासणीच्या आदल्या रात्री असे आढळून आले की, सभासदांची संख्या नियमास थोडी उणी पडते. तेव्हा आम्ही नोंदवहीत नऊ नावे अधिक घातली आणि त्या पानाखाली मी सही केली. त्या नऊ जणांपैकी एक गृहस्थ कायमचे पुण्यास गेले होते आणि एक तर वारले होते. तपासणी पार पडली, मान्यता टिकली, अनुदान आले. कोणी काही विचारले नाही. परंतु कोणी विचारले नाही एवढ्यावरून प्रश्न सुटला असे होत नाही.

या गोष्टीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या समाजात रूढ आहेत. पहिली व्यवहारी माणसाची. तो म्हणतो, पैसा सरकारचा, म्हणजे कोणाचाच नव्हे. तो आपण घेतला नाही तर दुसरा घेईल. शिवाय काम तर चांगलेच आहे. दुसरी रीत मानी माणसाची. त्याच्या मते ज्याचे अन्न खावे त्याचे गाणे गावे लागते. म्हणून सार्वजनिक संस्थेने सरकारचा किंवा नगरपालिकेचा एक पैसाही घेऊ नये. हे दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसतात खरे. परंतु एका गोष्टीविषयी दोघांचेही एकमत आहे. अनुदान हे वरून खाली येणारे दान आहे, असे दोघेही गृहीत धरतात. एक ते निःशंकपणे घेतो, दुसरा बाणेदारपणे नाकारतो, एवढाच फरक. माझ्या मते चूक या गृहीतातच आहे.

दानाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेही औदार्याची कसोटी जवळजवळ अशीच लावली आहे. परंतु हे दोन्ही विचार अशा मनुष्याविषयी आहेत, की जो स्वतःचे धन देतो. सभागृहात बसून अनुदान मंजूर करणारा सभासद स्वतःचे काय देतो? ज्या गल्लीत आमचे वाचनालय आहे, त्याच गल्लीतील घरपट्टी आणि तेथील किराणा दुकानात जाणारा कर, यांचाच तो अंश असतो. दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती आहे, त्याने ती परत करताना हारतुरे स्वीकारावे, हे जितके हास्यास्पद, तितकेच घेणाऱ्याने ती आपली मिळकत समजावी हेही अनुचित होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचा एक मोठा बोधप्रद दाखला आहे. पेशवाईत पुण्यास श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीही ती बऱ्याच कमी प्रमाणात चालू ठेवली. जे प्रथम दान होते ते कालांतराने घेणाऱ्यांस वंशपरंपरागत हक्क वाटू लागले. १८४९ च्या सुमारास काही सुधारकांनी अर्ज केला, की या द्रव्याचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे लावावा. त्यावरून पुण्यात मोठा क्षोभ झाला. पुढे याच दक्षिणा फंडातून जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांस दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले. म्हणजे पैसा तोच. परंतु तो कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न उघडपणे विचारला जाताच त्याचे स्वरूप पालटले. जोतीरावांनी ते ७५ रुपये घेतले म्हणून त्यांची वाणी मिंधी झाली, असे कोणास म्हणता येईल काय? ते दान म्हणून घेतलेच नव्हते. म्हणून उपकाराचे ओझेही त्यांच्यावर नव्हते.

तथापि मानी पक्षाची भीती निराधार आहे असे नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान १९४८ साली मुंबई सरकारने बंद केले होते. ते पुढे पूर्ववत झाले. ते सरकार परकीय नव्हते, आपलेच होते. आमच्या मराठवाड्यास तर हा अनुभव अधिकच निकटचा. निजामी राजवटीत साधी सभा भरवावयाची तर परवानगी लागे. म्हणूनच वाचनालये आणि खासगी शाळा हीच लोकजागृतीची ठिकाणे बनली. १९१५ साली येथे सुरू झालेले सरस्वती भुवन त्याच काळातले. परंतु हीच राजवट पुण्याच्या भांडारकर संस्थेस महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी आणि अतिथिगृहासाठी द्रव्य देत होती, व ते अतिथिगृह निजामाचे नाव आजही धारण करून आहे. उदार हात आणि आवळलेली मूठ ही एकाच सत्तेची असू शकतात, हे यावरून ध्यानी यावे. सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर जोपर्यंत देणे अवलंबून आहे, तोपर्यंत तो देईलही आणि आवळीलही.

मग मर्जीच्या जागी नियम आणावा, हा उपाय ओघानेच येतो. हैदराबाद राज्यात १९५५ साली आणि महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तो या दृष्टीने मोठाच लाभ म्हटला पाहिजे. ग्रंथ किती, सभासद किती, यांवरून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. कोणाच्या दारी जाऊन बसावे लागत नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात मात्र पाणी, गटारे, दिवे ही आवश्यक कर्तव्ये, तर वाचनालयांसारखी कामे ऐच्छिक कर्तव्यांत घातलेली आहेत. आणि जे ऐच्छिक आहे तेथेच पुन्हा मर्जी डोकावू लागते.

परंतु नियमाचाही एक दोष आहे. नियमास आकडे दिसतात, वाचणारा दिसत नाही. आमचे वाचनालय ड वर्गातले. या वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते, ते २०२२ च्या निर्णयाने ४८,००० झाले. म्हणजे महिन्यास ४,०००. एवढ्यात ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि दिव्याचे बिल. सभासद नसलेली, वर्गणी न देता दररोज येऊन बसणारी पंचवीस मुले कोणत्याही रकान्यात मोजली जात नाहीत. मग आम्ही मनाशी म्हटले, की या न मोजलेल्या पंचविसांच्या ऐवजी नऊ खोटी नावे घातली, त्यात काय बिघडले? हा युक्तिवाद मला त्या रात्री पुरेसा वाटला होता. आज वाटत नाही.

कारण असे. नियम अपुरा असेल तर तो अपुरा आहे असे सांगणे, त्यासाठी अर्ज करणे, भांडणे हे नागरिकाचे काम; खोट्या आकड्याने तो वरवर पुरा करणे म्हणजे त्याचे अपुरेपण दडविणे होय. आमची नऊ नावे पाहून वरच्या अधिकाऱ्यास वाटणार की येथे सर्व यथास्थित आहे. म्हणजे ज्या मुलांच्या नावाने आम्ही स्वतःची समजूत घातली, त्यांनाच आम्ही पुन्हा एकदा अदृश्य केले. दुसरे असे, की १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने या देशात साहाय्यक अनुदानाची पद्धत घातली, तेव्हा शाळेची व्यवस्था स्थानिक लोकांनी पाहावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडे का होईना शुल्क घेतले जावे, अशी अट होती. परक्या सरकारचा हेतू काटकसरीचा असेल. परंतु अटीतील तत्त्व खरे आहे. ‘अनु’ म्हणजे मागाहून. लोकांनी आधी हात घालावा, मग त्यामागून सार्वजनिक द्रव्य यावे, असा अर्थ या शब्दातून मला तरी दिसतो. पुढचा हातच जर कागदावरचा असेल, तर मागून येणारे कोणाच्या मागून येते?

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत मी हे सर्व बोलून दाखविले आणि यंदा खरा आकडाच लिहीन असे सांगितले. कोणी काही बोलेना. मान्यता गेली तर प्रथम झळ कोणास, हे सर्वांस ठाऊक होते. ग्रंथपालबाई कोपऱ्यात नोंदवही घेऊन बसल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “सर, खरंच लिहा. त्या नऊ जणांची वर्गणी दोन वर्षं मीच भरतेय. वही जुळायला हवी ना! गेलेल्या माणसाच्या नावानं पावती फाडताना बरं वाटत नाही.”

मी नावे घातली होती. त्यांची वर्गणी कोठून येणार, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नव्हे, असे म्हणणाऱ्या व्यवहारी माणसास मी वर हसलो. परंतु त्या खोट्या आकड्याची किंमत एका ठरावीक व्यक्तीने, तिच्या तुटपुंज्या वेतनातून, मुकाट्याने दिली होती.

ती रक्कम मी त्यांस परत केली; त्यात माझे औदार्य काही नाही, ती त्यांचीच होती. नंतर आम्ही दोन रविवार गल्लीतून फिरलो. सहा नवे सभासद मिळाले. त्यांपैकी दोघे सायंकाळी येणाऱ्या मुलांचे वडील आहेत. आकडा अद्याप तीनांनी उणा आहे. तो तसाच लिहून, आणि दररोज येणाऱ्या पंचवीस मुलांविषयी एक वेगळे पत्र जोडून, अहवाल पाठविला आहे. काय उत्तर येईल ते सांगता येत नाही. मान्यता राहिली तर ती आमची खरी मान्यता असेल. न राहिली तर उरलेले सभासद कोण, हे आम्हांस या वेळी नावानिशी ठाऊक आहे.