ओळख आणि विश्वास

भालकीतील एका घरी मुलांनी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक टीव्हीला जोडून जुन्या खेळांचे यंत्र घरीच रचलेले आम्ही पाहिले. अडले ते बिनतारी कंट्रोलरपाशी. ब्लूटूथने जोडी जमली, खेळही रंगला; परंतु यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताच कालचा सोबती परका झाला.

शोध घेता कळले की, या संगणकास तीन आज्ञा वेगवेगळ्या द्याव्या लागतात: जोडी जमव, विश्वास ठेव, संपर्क साध. मुलांनी मधली गाळली होती. पहिलीने दोघे एक गुप्त किल्ली ठरवून जपून ठेवतात. दुसरीने पुढच्या खेपेस न विचारता आत येण्याची मुभा मिळते.

मग ओळख झाली म्हणजे विश्वास आला काय? आम्हांस तसे वाटत नाही. ओळखीस दोघांची संमती पुरते; विश्वास कोणा एकाला आपणहून ठेवावा लागतो.

१९५६ साली जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी, औराद इकडे राहिले. येथे मराठी-कानडी शेजाऱ्यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची. तरीही भाषेचा प्रश्न निघाला की आपण एकमेकांकडे नव्याने परवाना मागतो. विश्वासाने फसगत होईल, हे भय खोटे नव्हे. पण दिलेला विश्वास काढूनही घेता येतो. त्या यंत्रातही तशी आज्ञा आहे. न दिलेल्या विश्वासाची परीक्षा मात्र कधीच होत नाही.

मुलांनी दुसरा कंट्रोलर शेजारच्या कानडी मुलाच्या हाती दिला, तो काही न विचारताच.