पाहणारा आणि पाहिला जाणारा

फ्रेंच दिग्दर्शक लुई माल १९६८ साली दोन सहकारी आणि कॅमेरा घेऊन भारतभर फिरले. त्यांच्या 'फँटम इंडिया' या मालिकेचा एक पूर्ण भाग मद्रासवर, म्हणजे आजच्या चेन्नईवर आहे. रथोत्सवाची गर्दी, कलाक्षेत्रात नृत्य शिकणाऱ्या मुली, सारे त्यात येते. मालिकेत लोक थेट कॅमेऱ्याकडे रोखून पाहतात. माल यांनी त्या नजरा कापल्या नाहीत. पाहणाराही पाहिला जातो, हे त्यांनी स्वीकारले. पण एवढ्याने न विचारता कुणाचा चेहरा घेण्याचा अधिकार मिळतो का? मला तसे वाटत नाही. आपण मैलापूरच्या देवळाबाहेर फुलवाल्या आजींसमोर मोबाइल धरतो, तेव्हा काय करतो? तमिळ येत नसले तरी हात जोडून, खुणेने विचारता येते. त्यांनी मान हलवून नको म्हटले, तर मोबाइल खिशात ठेवावा आणि फुले घ्यावीत.