एकावन्न रुपयांचा जाब

"पावती फाड. पण मगे हिशोब सांगूक येवचा लागतला, झिला."

अंगणात खारवलेले बांगडे वाळत घालता घालता काकीने पदराची गाठ सोडली, एक पन्नासाची नोट आणि एक रुपया काढला, आणि मी पावती पुस्तकात तिचं नाव लिहिलं. त्याआधी तिने मला चांगलं अर्धा तास उभं केलं होतं. पैसे कित्याक, मंडळात कोण कोण आसत, बुवा खंयचे, उरलेले पैसे कोणाकडे रवतले. वाचनालयासाठी म्हटल्यावर तर ती हसलीच. "माका खंय वाचूक येता?" मी म्हटलं, काकी, तुझी नात येते की रोज. "ती मोबाईल बघूक येता, माका म्हायत आसा." एवढं बोलूनही तिने पैसे दिले, आणि वर तो हिशोबाचा दम दिला.

आमच्या वाडीचं वाचनालय म्हणजे मालवणच्या किनाऱ्यालगतची एक कौलारू खोली आणि ओटी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा तिचं समुद्राकडचं पाखं उडालं. कित्येक दिवस वीज नव्हती, वर करोनाचे निर्बंध, त्यामुळे ताडपत्री टाकून पावसाळा काढला. पुढच्या मे महिन्यात चाकरमानी गावाला येतील तेव्हा डबलबारी भजनाचा, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंदीचा, सामना लावायचा आणि त्यातून छपराचे पैसे उभे करायचे, असं मंडळाने ठरवलं. मी कामाला लागलो तो असा, काखेत पावती पुस्तक मारून.

सामना रंगला. दोन्ही बुवांनी पहाटेपर्यंत एकमेकांना सोडलं नाही. पण निव्वळ पैशाच्या अंगाने बघितलं तर हा उद्योग काही शहाणपणाचा नव्हता. दोन बुवांची बिदागी, मंडप, ध्वनिक्षेपक, दिवे जातील म्हणून जनरेटर, जनरेटरचं डिझेल, चहा, भजी, पत्रिका. जमलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त पैसा त्या एका रात्रीनेच खाल्ला. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवले: आपण कार्यकर्त्यांनी दीड महिना जी पेट्रोलं जाळली, जे फोन केले, ज्या रजा काढल्या, तेवढेच पैसे प्रत्येकाने गुपचूप पेटीत टाकले असते तर छप्पर झालं असतं, आणि रात्रभर जागरणही टळलं असतं.

गणित बिनचूक होतं. तरी त्यात काहीतरी राहून गेलं आहे असं मला वाटत राहिलं, आणि त्याचं बोट सारखं काकीच्या अंगणाकडे वळत होतं.

कोकणी माणसाला मागणं जड जातं. उधारी, उसनवारी सगळं चालतं. पण चारचौघांत हात पसरायचा म्हणजे जीव जातो. म्हणून की काय, आपल्याकडे मागण्याला परंपरेनेच एक मुखवटा दिलेला आहे. शिमग्यात सिंधुदुर्गात सोंगं घेऊन पोरं रस्त्यात आडवी येतात, "शबय, शबय" करत हात पुढे करतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. एरवी शेजाऱ्याकडे काडेपेटी मागताना चारदा विचार करणारा गडी शिमग्यात तालुक्याच्या साहेबाची गाडी अडवतो. पावती पुस्तक हा मला त्याच जातीचा मुखवटा वाटतो. स्वतःसाठी नसलेलं मागणं एकदा जमलं की माणूस परक्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो, आणि तिथे त्याला पैशांखेरीज बरंच काही ऐकून घ्यावं लागतं. दीड महिन्यात मी वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर गेलो. त्यातल्या तीन घरांत तर मी लहानपणानंतर पाऊल टाकलं नव्हतं. एका घराशी आमचं बांधावरून जुनं वाकडं. त्यांनी शंभर रुपये दिले आणि बांधाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने ही गोष्ट फार मोठ्या मापाने केली. स्वदेशी उद्योगासाठी प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागायचा, ही त्यांची कल्पना. तिचं नाव पैसा फंड. टिळकांचा तिला पाठिंबा मिळाला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले. संगमेश्वरातली एक शाळा आजही 'पैसा फंड' हे नाव लावते. पण मला मोह पडतो तो त्यातल्या अंकगणिताचा. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे नेमाने एकेक पैसाच घ्यायचा म्हटलं तर एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांसमोर उभं राहायचं, चौसष्ट वेळा तेच सांगायचं, चौसष्ट शंका ऐकायच्या. एखाद्या संस्थानिकाला गाठून हजार रुपये आणणं किती सोपं होतं! पण मग स्वदेशी ही त्या संस्थानिकाची मेहेरबानी झाली असती.

रापण ओढायची पद्धतही अशीच. जाळं संघाचं असलं तरी दोराला हात लावलेला माणूस किनाऱ्यावरून रिकामा परत जात नाही, त्याच्या पिशवीत चार मासे पडतात. मासे थोडे असतील. पण दोर ओढलेल्या माणसाला जाळ्यात काय आलं ते वाकून बघायचा हक्क असतो.

हे आमच्या लोकांना मुंबईत गेल्यावरही कळत होतं. गिरणगावातल्या चाळींत गावोगावची ग्रामस्थ मंडळं निघाली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाणंदीवरचा साकव, काहीही असो, मंडळ मदतीचा प्रयोग लावी आणि 'देणगी प्रवेशिका' खपवी. परळचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह या मंडळींचं हक्काचं ठिकाण. २०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत हळहळ झाली. मामा, मेव्हणा, मुकादम, सगळ्यांच्या गळ्यात प्रवेशिका मारायच्या, नाटकाची तालीम पाळी सांभाळून करायची, आणि नाटकाच्या दिवशी पडदा वेळेवर उघडला तर देवाला नारळ द्यायचा. या सगळ्या धांदलीचं सोनं कुणी केलं असेल तर गंगाराम गवाणकरांनी. त्यांची मूळची एकांकिका 'आज काय नाटक होवचा नाय', आणि १९८० साली तिचं झालेलं 'वस्त्रहरण'. गावकऱ्यांनी नाटक बसवायचं आणि ते हातातून निसटत जायचं, एवढीच गोष्ट. पण मच्छिंद्र कांबळींनी तिचे हजारो प्रयोग केले. लोक पोट धरधरून हसत होते, कारण त्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी असला पडदा ओढलेला होता.

तालुक्याच्या गावी रोटरी, लायन्स असे क्लब असतात. त्यांची चेष्टा करणं सोपं आहे, आणि मीही ती पुष्कळ केली आहे: काम कमी, पदग्रहण समारंभ जास्त, आणि पदग्रहणापेक्षा फोटो जास्त. पण त्यांच्या एका रिवाजाकडे आमच्या गावकारभाऱ्यांनी जरूर बघावं. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिसने रोटरी काढली तेव्हा बैठक प्रत्येक सभासदाच्या कचेरीत पाळीपाळीने होई, आणि त्यावरूनच ते नाव पडलं. अध्यक्षही दर वर्षी बदलतो. म्हणजे ती आपली पाळीच, गणपतीत घरोघर भजनाची असते तशी. आमच्याकडे मानकरी जन्माचा आणि मंडळाचा अध्यक्ष मरेपर्यंतचा. शिवाय रोटरीच्याच क्लबांनी १९८५ पासून पोलिओच्या लशीसाठी जगभर पैसे गोळा केले आणि रविवारी बूथवर माणसं बसवली. सरकारी यंत्रणेच्या मोठ्या कामाला हा त्यांचा हातभार. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पंचवीस-तीस वर्षं एकाच कामासाठी मागत राहायचं, अध्यक्ष दर जुलैत बदलत असताना! हे मला पदग्रहणाच्या सगळ्या फोटोंची भरपाई करणारं वाटतं.

माझी खरी तक्रार आहे ती नव्या सोयीबद्दल. आता पावती पुस्तक घेऊन कुणाला फिरावंच लागत नाही. क्रिकेटचा सामना असो, दशावतार असो की भजन, कुणीतरी भाऊ किंवा दादा पुढे होतो, सगळा खर्च उचलतो, आणि कार्यक्रमाला त्याच्या नावाचा चषक लागतो. रस्त्याच्या वळणावर फ्लेक्स उभा राहतो. त्यावर देवापेक्षा भाऊ मोठे. पोरं खूश असतात, कारण उंबरे झिजवायचे वाचले. मोठे दाते पूर्वीही होते आणि त्यांचं ऋण आहेच. मालवणात टोपीवाला हायस्कूल आहे, बोर्डिंगचं मैदान आहे. देसाई टोपीवाल्यांच्या दानावर पिढ्या शिकल्या. पण ते दान देऊन बाजूला झालं आणि शाळा उरली. आजच्या चषकातून पुढच्या निवडणुकीपलीकडे काय उरतं ते मला दिसलेलं नाही. मुख्य म्हणजे भाऊंच्या पैशांचा हिशोब कोण मागणार? ज्याने दिले तो मागत नाही, आणि ज्याने दिले नाहीत त्याला मागायला तोंड नाही. क्यूआर कोडचंही तसंच. पैसे येतात, टुंग वाजतं, पण त्या चौकोनाला "उरलेले खंय रवतले" असं कुणी विचारत नाही.

कायदा आहे. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी लागते, नंतर हिशोब द्यावा लागतो. आम्ही घेतली आणि दिलाही. तो कागद कचेरीत गेला, कुणी काही विचारलं नाही.

वाडीत मात्र विचारलं. जूनच्या पहिल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात हिशोबाची सभा लावली होती. खजिनदारांनी एकेक बाब मोठ्याने वाचली. 'मोडक्या खुर्च्यांची भरपाई, नग ११' या बाबीवर वीस मिनिटं गेली, कारण खुर्च्या कुणी मोडल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नाव कुणी घेत नव्हतं. भज्यांच्या बेसनाचा आकडा बचत गटाच्या बायकांनी तिथल्या तिथे खोडून काढला. दर आठवड्याला वही लिहिणाऱ्या त्या, त्यांना बेसन किती लागतं ते आमच्याहून जास्त कळतं. मंडळाने त्यांना आजवर हळदीकुंकवापलीकडे काही दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी खजिनदारकी त्यांच्यातल्या एकीकडे गेली, ती त्या बेसनामुळेच. मग 'पाण्याच्या बाटल्या' ही बाब आली आणि मागून, खांबाला टेकून बसलेली काकी उठली.

"देवळाकडे बाव आसा मा? मगे बाटल्यो इकत कित्याक हाडलात?"

पाहुण्यांसाठी, असं कुणीतरी पुटपुटलं.

"पावण्यांका बावचा पाणी बाधता?"

उत्तर नव्हतं. नंतरच्या दोन्ही सामन्यांना विहिरीच्या पाण्याचे माठ भरून ठेवले होते. एवढ्याशा बाबीत वाचलेले पैसे फार नाहीत. पण एकावन्न रुपये देणारी बाई भर सभेत मंडळाला जाब विचारते आणि मंडळ वरमतं, ही गोष्ट भाऊंच्या पूर्ण खर्चाच्या कार्यक्रमात कधीच घडली नसती. आमच्या बँकवाल्या खजिनदारांच्या कागदावर ती धरलेली नव्हती. आम्ही गुपचूप पेटीत पैसे टाकले असते तर छप्पर आमचं झालं असतं, आणि काकी त्या वाचनालयावरून जन्मभर मान खाली घालून गेली असती.

सभेच्या शेवटी जमाखर्चात वीस रुपयांचा फरक राहिला. पावत्या दोनदा मोजल्या, मेळ बसेना. खजिनदारांना ते लागलं; त्यांनी खिशातून वीसची नोट काढून पेटीत टाकायला घेतली. म्हाताऱ्यांनी टाकू दिली नाही. मेळ बसत नाही तर बसत नाही असं लिहा, म्हणाले.

२०२३ च्या पावसाळ्याआधी छप्पर शाकारून झालं. आत कपाटावर जमाखर्चाची वही असते, कुणीही काढून बघावी. पहिल्याच पानावर तळाला लाल शाईने लिहिलं आहे: 'फरक रु. २०, लागला नाही.'