घर कोणासाठी?

20 लाखांचे गृहकर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 18 हजार. पहिल्या हप्त्यातले 15 हजार व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम 3 हजार. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला पैसा सर्वांत जास्त व्याज वाचवतो. हा हिशेब आपल्याला कळतो. तरीही शेजाऱ्यांनी लाद्या बदलल्या की आपणही बदलतो. मग हप्त्यासाठी ओव्हरटाईम, बढतीसाठी रात्रीचा अभ्यास. हे सारे मुलांसाठीच, असे आपण म्हणतो. आणि मुले आपली वाट पाहत झोपी जातात.

मग दुरुस्ती करूच नये का? गळके छप्पर थांबत नाही. ते आधी करावे. हाती घेतलेले शिक्षणही सोडू नये. लाद्या मात्र थांबू शकतात. कर्जाची मुदत बँक एखादे वेळी वाढवून देईल. मुलांच्या बालपणाची मुदत कोण वाढवून देणार?

या रविवारी नवराबायकोने हिशेबाची वही घेऊन एकत्र बसावे. आज काय हवे, काय थांबेल, ते लिहावे. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्यांच्या नावे मांडावी. हप्ता जसा आपण चुकवत नाही, तशी तीही चुकवू नये.